कोकणातल्या उतारावर ‘मिनिमल’ घर बांधायचंय? आधी पाणी कुठून जातं ते बघा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. गुहागर-वेळणेश्वर पट्ट्यात तुमची १४ गुंठे बिनशेती जागा आहे. वरच्या रस्त्यापासून खालच्या हद्दीपर्यंत अंतर साधारण ४० मीटर आणि तेवढ्यात जमीन ९ मीटर उतरते. खाली समुद्र. तुम्ही दोघं पुण्यात, घर पुढे कायम राहण्यासाठी. मनातलं चित्र म्हणजे पांढरं, सपाट छपराचं, पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच आणि उताराच्या कडेला पोहण्याचा पूल (स्विमिंग पूल). तुम्ही विचारलंय ते असं, की जेसीबी लावून मधोमध सपाटी करून घ्यावी की खांबांवर घर उचलावं?

माझं उत्तर: यंदाचा पावसाळा होईपर्यंत दोन्हींपैकी काहीही करू नका. जेसीबी तर नकोच.

गेली बावीस वर्षं मी याच किनाऱ्यावर घरं करतोय. जागा बघायला लोक डिसेंबरात येतात, फार तर मे महिन्यात आंबे न्यायला येतात तेव्हा. तेव्हा गवत वाळलेलं असतं, जांभा दगड कोरडा खडखडीत असतो आणि समोर निळं पाणी. अशा वेळी कुठलीही जागा घर बांधण्यासारखी वाटते. तुम्ही जुलैत या, सलग दोन दिवस पाऊस लागलेला असताना. पायात गमबूट आणि बरोबर लाल रंग दिलेल्या पाच-पन्नास बांबूच्या खुंट्या. जिथून पाणी वाहताना दिसेल तिथे खुंटी. मग पाऊस उघडल्यावर दोन दिवसांनी परत जा आणि अजून कुठून पाणी झिरपतंय ते बघा. त्या दुसऱ्या खुंट्या जास्त महत्त्वाच्या, कारण ते पाणी वरून वाहत आलेलं नसतं, जमिनीच्या पोटातून आलेलं असतं.

कारण असं. तुमच्या वरच्या बाजूला सडा आहे, म्हणजे कातळाचं सपाट पठार. वर जांभा, सच्छिद्र, पावसाचं पाणी स्पंजासारखं आत घेणारा. त्याच्या खाली बहुतेक ठिकाणी चिकट, पांढरट-गुलाबी मातीचा थर असतो. पाणी जांभ्यातून खाली येतं, या मातीवर अडतं आणि आडवं सरकत उतारावर कुठेतरी बाहेर पडतं. गावातली माणसं अशा जागा बरोबर दाखवतात, त्यांना शाळेपासून माहीत असतात. ती माती कोरडी असेपर्यंत दगडासारखी. भिजली की साबण. जेसीबीने उतार कापताना तुम्ही वरचा जांभ्याचा कडक कवचासारखा थर काढता आणि नेमकी हीच माती उघडी पाडता.

२२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड आली आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. तिथलं कारण डोंगराचं आणि अतिवृष्टीचं, एखाद्या घराच्या खोदाईचं नव्हे. तुमची जागा म्हणजे तळिये नाही हेही खरं. पण भिजलेला उतार किती वेळात काय करू शकतो हे ज्याने एकदा जवळून पाहिलंय, तो नऊ मीटरच्या उतारालाही हलक्यात घेत नाही.

माझ्या हातून झालेली चूक सांगतो, कारण ती तुमच्या ‘मधोमध सपाटी’शी थेट जोडलेली आहे. सुरुवातीच्या वर्षांत दापोलीकडे एक घर केलं. जागा हिवाळ्यात पाहिली, उताराच्या पोटात शिरून सपाटी केली, मागे साडेतीन मीटर उंचीची चिऱ्याची, म्हणजे कापलेल्या जांभ्याच्या ठोकळ्यांची, संरक्षक भिंत घातली. नकाशात पाझरासाठी नळ्या दाखवल्या होत्या, त्या बसवल्याही होत्या. दुसऱ्या पावसाळ्यात ऑगस्टमध्ये फोन आला की भिंतीला पोट आलंय. जाऊन पाहतो तर मधल्या भागात भिंत वीतभर पुढे आलेली, आणि सगळ्या नळ्या कोरड्या ठणठणीत. पाऊस मुसळधार आणि नळीतून थेंब नाही! गवंड्याने दहा मिलिमीटरची सळई एका नळीत घालून आत ढोसली. दोन-तीन हिसके दिले आणि मनगटाएवढी लाल चिखलाची धार अशी सुटली की तो बाजूला उडी मारून झाला. भिंतीमागे दगडगोट्यांचा थर भरायचा होता, तिथे खोदाईचीच माती ढकलून दाबली होती. मी त्या आठवड्यात साईटवर गेलो नव्हतो. नळ्या मातीने बुजल्या आणि भिंत मागचं सगळं पाणी अंगावर घेऊन उभी राहिली.

पुढच्या उन्हाळ्यात ती भिंत उतरवून दोन टप्प्यांत बांधली. यामागचं गणित साधं आहे आणि ते घरमालकाला माहीत असायला हवं. मातीचा भिंतीवरचा एकूण रेटा उंचीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. उंची दुप्पट केली की रेटा चौपट. साडेतीन मीटरच्या एका भिंतीऐवजी पावणेदोन मीटरच्या दोन भिंती, मध्ये अंतर सोडून, केल्या तर प्रत्येकीवर मूळच्या पाव भाग रेटा येतो. मात्र वरची भिंत खालच्या भिंतीच्या उंचीच्या साधारण दुप्पट मागे हवी, नाहीतर वरचीचं ओझंही खालचीवर येतं. आपल्याकडचा जुना गडगा, बिनचुन्याचा, नुसता चिऱ्यावर चिरा रचलेला, शंभर वर्षं का टिकतो? त्याच्या अंगातून पाणी निघून जातं आणि तो कमरेच्या वर सहसा जात नाही. बागेच्या पायऱ्या-टप्प्यांसाठी अजूनही मी गडगाच घालतो.

आता खांबांवर घर उचलण्याबद्दल. कल्पना वाईट नाही. जमीन न कापता घर बसतं, खालून पाणी जातं. ऑस्ट्रेलियाचे वास्तुशिल्पी ग्लेन मर्कट यांनी जमिनीला हलका स्पर्श करायचा हे सूत्र धरून आयुष्यभर घरं केली, त्यांना २००२ चा वास्तुकलेतला प्रित्झकर पुरस्कार मिळाला. मी त्यांच्याकडून पुष्कळ शिकलो. पण आपल्या उतारावर एक अडचण येते. वरच्या बाजूचे खांब आखूड, खालच्या बाजूचे लांब. भूकंपात घर हललं की आखूड खांब ताठ असल्यामुळे जवळजवळ सगळा धक्का त्यांच्यावर येतो. निम्म्या लांबीचा खांब आठपट ताठ असतो. आणि आपण कोयनेच्या शेजारी राहतो, ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप विसरून चालणार नाही. त्यामुळे खांब घ्यायचे तर सगळे साधारण सारख्या लांबीचे येतील अशी जमीन निवडायची आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला पहिल्या नकाशापासून सोबत घ्यायचं. घर आखून झाल्यावर त्याला ‘हे उभं करून द्या’ म्हणून बोलावू नका. सर्वांत वाईट पर्याय म्हणजे अर्धं घर खोदलेल्या जमिनीवर आणि अर्धं त्याच खोदाईच्या भरावावर. भराव खचतो, खोदलेली बाजू खचत नाही, आणि बरोबर मधून तडा जातो. तुमची ‘मधोमध सपाटी’ म्हणजे हेच.

तुमच्या मोजणीत एक चांगली गोष्ट आहे, तिच्याकडे तुमचं लक्ष गेलेलं दिसत नाही. ९ मीटरचा उतार सगळीकडे सारखा नाही. तुम्ही दिलेल्या उंचीच्या आकड्यांवरून रस्त्यालगतचे पहिले १५ मीटर फक्त दीड मीटर उतरतात, म्हणजे एकास दहा. उरलेल्या २५ मीटरमध्ये साडेसात मीटर, म्हणजे एकास सव्वातीन. राज्याच्या बांधकाम नियमावलीत एकास पाच ही उताराची रेषा महत्त्वाची आहे. त्याहून तीव्र जमिनीवर बांधकामाला निर्बंध येतात. तेव्हा खालच्या भागाबद्दल नगररचना कार्यालयात आधी विचारून घ्या. तसंच सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम. विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर उच्चतम भरती रेषेपासून २०० मीटर ना-विकास क्षेत्र असतं. तुमची जागा मंजूर किनारा आराखड्यावर नेमकी कुठे बसते याचा अधिकृत नकाशा काढून घ्या. दलालाचं ‘काही होत नाही हो’ हे उत्तर धरू नका.

म्हणजे घर वर, रस्त्याच्या बाजूच्या सौम्य भागात. मला माहीत आहे, तुम्हाला ते खाली समुद्राजवळ हवं होतं. पण वर घेतल्यावर तुम्ही सात-आठ मीटर उंचावर असाल आणि खालचा सगळा उतार झाडांसकट तुमच्या नजरेच्या खाली राहील. देखावा वाढेल. खालची काजू, उंडी, रान तसंच ठेवा, तीच मुळं तो उतार धरून आहेत.

मी असं काढेन. घर एकाच खोलीच्या रुंदीचं, म्हणजे पाच मीटर रुंद, उताराला आडवं, लांबच लांब. पाच मीटरमध्ये जमीन उतरते जेमतेम अर्धा मीटर. मागे फूटभर जोतं, पुढे अडीच-पावणेतीन फूट. खोदाई जवळजवळ शून्य. पुढे समुद्राकडे आठ फूट खोल पडवी, दोन पायऱ्या खाली. पण असं आडवं लांब घर म्हणजे उतारावर घातलेला बांधच की. वरून आलेलं पाणी त्याच्या पाठीला तुंबणार. म्हणून घराचे दोन तुकडे, एक आठ मीटरचा, एक सात मीटरचा, आणि मध्ये तीन मीटरची मोकळी फट. ही फट कुठे ठेवायची ते तुमच्या जुलैतल्या लाल खुंट्या सांगतील. पाण्याची मूळ वाट तिथूनच खाली जाऊ द्यायची, दगडी गटारीतून, आणि तिच्या शेजारून चिऱ्याची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट. येणारा माणूस रस्त्यावरून उतरतो, दोन कोऱ्या भिंतींच्या मधून, आणि समोर एकदम समुद्राची उभी पट्टी. तुम्ही पाठवलेल्या चित्रांमधला जो साधेपणा तुम्हाला आवडला आहे, तो मला या एका फटीत दिसतो. फट रात्री जाळीच्या फाटकाने बंद होते, वर छप्पर सलग ठेवता येतं.

गाडी खाली नेण्याचा विचार सोडून द्या. सहा मीटर उतरायचं आणि चढ एकास आठ ठेवायचा तर ४८ मीटर लांबीचा रस्ता लागतो, वळणासकट. तो खोदताना जेवढी जमीन फाटेल तेवढी घरासाठीही फाटणार नाही. गाडी वर, माणसं पाखाडीने.

सपाट छपराबद्दल जरा लांब बोलावं लागेल. तुम्ही पाठवलेली तीन चित्रं ग्रीसच्या बेटांवरची आहेत. तिथे वर्षभरात जेवढा पाऊस होतो, तेवढा आपल्याकडे जुलैच्या एका वाईट आठवड्यात होतो. आपला वर्षाचा पाऊस ३००० मिलिमीटरच्या घरात, कधी बराच वर, आणि तोही चार महिन्यांत. रत्नागिरीपासून श्रीवर्धनपर्यंत कुठल्याही गावातून फिरा. दहा-पंधरा वर्षांपूर्वी हौसेने घातलेल्या स्लॅबवर आता निळा नाहीतर लाल पत्रा उभा दिसेल. कुणी सौंदर्यासाठी तो घातलेला नाही, गळतीला कंटाळून घातलाय. तुमच्याही सपाट स्लॅबवर तो येणारच, फक्त तेव्हा त्याची आखणी वास्तुशिल्पी करणार नाही, फॅब्रिकेटर करेल.

त्यामुळे छप्पर पहिल्यापासूनच उतरतं घ्या. एकपाखी चालेल आणि ते तुमच्या आवडीच्या सरळ रेषांतही बसतं. उंच कड पूर्वेला, रस्त्याकडे. खालची कड पश्चिमेला, समुद्राकडे, पडवीच्या बाहेर आणखी एक मीटर काढलेली. खालची कड सात फुटांवर आली तरी समुद्र झाकला जाणार नाही. क्षितिज नेहमी तुमच्या डोळ्यांच्या पातळीवर असतं, बसलात तर बसल्या डोळ्यांच्या. झाकलं जातं ते वरचं चकाकतं आभाळ, आणि दुपारी चारनंतर ते झाकलेलंच बरं. पूर्वेच्या उंच बाजूने सकाळचा उजेड आत येतो.

पाखं कमी उताराचं हवं असेल तर मंगलोरी कौल बसणार नाही, त्याला चांगला तीव्र उतार लागतो, नाहीतर वाऱ्याबरोबर पाणी उलटं चढतं. मग जाड, चांगला लेप दिलेला पत्रा, खाली हवेची पोकळी आणि लाकडी छत, म्हणजे पावसाचा आवाज सुसह्य होतो. कौलं हवी असतील तर दोन पाखी तीव्र छप्पर करा, तेही सुंदरच दिसतं. चिऱ्याच्या कोऱ्या भिंतीवर कौलाचं साधं पाखं, याहून साधं आणि नेमकं घर मला माहीत नाही. काहीही घ्या, पण ३ जून २०२० आठवा. श्रीवर्धन-दिवेआगरजवळ निसर्ग वादळ जमिनीवर आलं तेव्हा छपरं उडाली ती बहुतांशी कडांपासून. वारा वळचणीखाली शिरतो आणि छप्पर वर उचलतो. म्हणून कडेच्या आणि कोपऱ्यांच्या भागात आडव्या पट्ट्या जवळजवळ घ्यायच्या, स्क्रू स्टेनलेसचे आणि संख्येने जास्त, आणि छपराची तुळई भिंतीवर नुसती टेकवायची नाही, खाली जोत्यापर्यंत सळईने बांधायची.

दोन्ही तुकड्यांचं मिळून छप्पर साधारण १५० चौरस मीटर होईल. ताशी १०० मिलिमीटरची सर आली तर त्यावरून तासाला १५,००० लिटर पाणी पडेल. बाजारातली चार इंची पन्हळ याला पुरत नाही. मी पश्चिमेला पन्हळ लावतच नाही. पागोळ्या सरळ खाली पडू देतो, पण त्या पडतात तिथे फूटभर खोल, दोन फूट रुंद दगडगोट्यांची चर असते आणि ती चर मधल्या गटारीला मिळते. पागोळ्यांची ती ओळ घरातून बघणं हा कोकणातल्या पावसाचा अर्धा आनंद आहे. वर्षभरात याच छपरावरून साडेचार लाख लिटर पाणी जातं. त्यातलं वीस-पंचवीस हजार लिटर टाकीत धरा, मेमध्ये विहीर तळाला जाते तेव्हा कळेल.

पश्चिमेची काच: पडवीच्या मागे घ्या, बाहेरच्या तोंडावर नको. नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस आडवा येतो आणि सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीत पाणी साचतं. पट्टीला भोकं असतात, पण वाऱ्याचा दाब बाहेरून असतो तेव्हा ती भोकं उलटी चालतात, पाणी बुडबुड करत आत येतं. मी एका हॉलमध्ये रात्री दोन वाजता टॉवेल पिळत बसलेलं कुटुंब पाहिलंय. बिजागरीची, बाहेर उघडणारी, चौकटीच्या खाचेवर दाबून बंद होणारी दारं घ्या. जून ते सप्टेंबर पडवीला पूर्वीसारखी झडप लावायची सोय ठेवा. झावळ्यांची नको असेल तर उचलून बसवायच्या लाकडी पट्ट्यांची.

खाऱ्या हवेचं एवढंच: काँक्रीट किमान एम ३० प्रतीचं, समुद्राचे तुषार येतात त्या बाजूला एम ३५, आणि सळईवर ४५ ते ५० मिलिमीटर काँक्रीटचं कव्हर. साईटवर स्वतः पट्टी लावून मोजा. खाडीची रेती आणि मचूळ पाणी आत येऊ देऊ नका, कुणीही कितीही स्वस्तात देवो. बाहेरचं स्टेनलेस ३१६ प्रतीचं घ्या, ३०४ ला दोन वर्षांत चहाच्या डागांसारखे डाग पडतात. भिंती चिऱ्याच्या ठेवा. खाणीतून निघताना नरम असतो, हवेवर कडक होत जातो, म्हणून ताजा चिरा लगेच बांधू नका, एक उन्हाळा रचून ठेवा. आत गुळगुळीत पांढरा गिलावा करा हवा तर, बाहेरून सिमेंटचा गिलावा करू नका. आतला ओलावा कोंडतो आणि तिसऱ्या वर्षी पांढऱ्या भिंतीवर काळं शेवाळ चढतं.

राहिला पूल. दहा बाय चार मीटरचा, सव्वा मीटर खोल पूल म्हणजे ५० टन पाणी, उताराच्या नेमक्या कडेवर, जिथे भार घालू नये तिथे. आणि प्रत्येक पूल थोडाफार झिरपतोच. मी तो करून देणार नाही. हाच नियम सेप्टिक टँकच्या शोषखड्ड्याला: भिंतीच्या वर किंवा तीव्र उताराच्या डोक्यावर शोषखड्डा म्हणजे बारा महिने तो उतार भिजवत ठेवणं. तो रस्त्याच्या बाजूला, सौम्य भागात, विहिरीपासून लांब. उताराच्या उघड्या कडेवर वाळा लावा, त्याची मुळं दोन-तीन मीटर सरळ खाली जातात.

शेवटी पैशांचा क्रम. पहिला खर्च समोच्च मोजणी (जमिनीच्या चढउताराचा नकाशा) आणि चार-पाच चाचणी खड्डे, प्रत्येक किमान तीन मीटर खोल, म्हणजे जांभा किती आणि खाली माती कुठे लागते ते दिसेल. दुसरा खर्च पाण्याच्या वाटा: वरच्या हद्दीची चर, मधली दगडी गटार. त्या जुलैतल्या खुंट्यांनंतर येणाऱ्या उन्हाळ्यात करा आणि एक पावसाळा नुसत्या चालवून बघा. घर त्यानंतर. आणि कायम राहायला येईपर्यंत गावातला एक माणूस ठरवा, जो दरवर्षी मे अखेरीस आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या तयारीच्या, कामांत तुमची चर काढेल, पाला उपसेल, नळ्यांत सळई घालून बघेल. त्याचे दोन दिवसांचे पैसे आगाऊ देऊन ठेवा.